सोमवारचा तेली, शनवारची सिस्टर

अंकाचे संपादक घरी आले, चहा प्याले, आमच्या जुन्या खुर्चीचं कौतुक केलं आणि म्हणाले, "अप्पा, लाकडी घाण्याच्या तेलाचे फायदे लिहून द्या. लोक आवडीनं वाचतात." मी म्हणालो, फायदे सांगायला मोबाईलमध्ये पोत्यानं डॉक्टर भरलेत, त्यात मी चौथी नापास कशाला? मग म्हणाले, अनुभव लिहा. ते जमण्यासारखं वाटलं. अनुभवाला पास व्हावं लागत नाही.

मी उमरग्याचा, जातीनं लिंगायत तेली. घाणा म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं, कारण लोकांनी तेल फक्त पिशवीत पाहिलेलं असतं. जमिनीत पुरलेली लाकडाची मोठी उखळ, तिच्यात तिरका उभा जाड सोट, म्हणजे लाट, लाटेला बांधलेलं आडवं लाकूड आणि त्याला जुंपलेला, डोळे झाकलेला बैल. बैल गोल फिरतो, लाट दाण्याला रगडते, तेल खाली भांड्यात उतरतं आणि उखळीत राहते ती पेंड. बैलाला घाईनं हाणलं की तेल तापतं आणि करपट वास मारतं. करडईला मधी मधी पाण्याचा शिपका द्यावा लागतो. किती द्यायचा ते हाताला कळतं. माझ्या हाताला कळायला सात वर्षं लागली. हल्ली तीन दिवसांच्या शिबिरात शिकवतात म्हणे. हुशार लोक आहेत.

दहा-बारा वर्षांमागं माझ्या मुलानं, मल्लिनाथनं, घाण्याला मोटार लावली. फलकावर मात्र बैलाचं चित्र काढलं. एकदा पुण्याचे एक साहेब मोठ्या गाडीतून आले, फोन उंच धरून म्हणाले, "बैल कुठाय?" मल्लिनाथ पळत गेला आणि शेजारच्याचा नांगराचा बैल आणून घाण्यापाशी उभा केला. त्या बैलानं जन्मात घाणा पाहिला नव्हता. तो बावरला आणि त्यानं जागेवरच शेण टाकलं. साहेब म्हणाले, "वा, किती नैसर्गिक." पाच लिटर घेऊन गेले. आमच्या धंद्यात आजकाल तेलापेक्षा शेणाला भाव आहे.

एक गोष्ट मात्र मी बदलू दिली नाही. आमचा घाणा सोमवारी बंद. सोमवार महादेवाचा, बैल महादेवाचा नंदी, त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. मल्लिनाथ म्हणाला, "अप्पा, मोटारीला कशाची सुट्टी? मोटार काय नंदी हाय का?" मी म्हणालो, "आजपासून हाय." त्यानं फलकावर 'सोमवारी बंद' रंगवून घेतलं.

या सोमवारपायीच माझी सिस्टरशी ओळख झाली. पंचेचाळीस वर्षं होत आली त्याला. पांढरी साडी नेसलेली एक तरणी बाई किटली घेऊन दारात उभी राहिली. हायवेच्या कडेला एक बाळंतपणाचा दवाखाना होता, तिथं नवीन आलेली नर्स. नवरा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर. आडनाव थळकर, नाव रिबेका. गावानं दोन्ही नावं बाजूला ठेवली आणि सिस्टर एवढंच नाव दिलं.

"तीळतेल हवंय," ती म्हणाली.

"सोमवार हाय. घाणा बंद."

"काढू नका हो. काढलेलं असेल ते द्या."

"काढलेलंबी सोमवारी देत न्हाय."

दुसरं गिऱ्हाईक असतं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेलं असतं. ही हसली. "बरोबर आहे तुमचं. माझे पणजोबा शनिवारी देत नसत. अलिबागकडं आमचा घाणाच होता. लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

मला वाटलं, बाई चेष्टा करती. कारण शनिवारी घरात तेल आणू नये म्हणत असले, तरी मारुतीला आणि शनिदेवाला वाहायला अख्खं गाव तेल नेतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली म्हणजे दसऱ्याला झेंडू न विकणारा माळी.

"शनिवारी का बंद?" मी विचारलं.

"आम्ही ज्यू. बेने इस्राएल. शनिवारी काम करायचं नाही, असा आमचा धर्म आहे."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "म्हंजे ख्रिश्चन?"

"नाही."

"मुसलमान?"

"नाही."

"मग आमच्यातलाच एखादा पोटभेद असंल."

ती किटली उचलत म्हणाली, "उद्या मंगळवारी येते. तोवर तुम्ही ठरवून ठेवा."

माझं शिक्षण तिथून सुरू झालं, एका वेळी एक लिटर. शाळेत मला जे जमलं नाही ते किटली भरता भरता जमलं. यांचा देव एकच, त्याला रूप नाही, मूर्ती नाही, फोटो नाही. मी विचारलं, "मग नवस कुणाला बोलता?" तर म्हणाली, आमचा एलियाहू नावाचा नबी आहे, त्याच्या नावानं पोहे, गूळ, खोबरं आणि फळं एकत्र करून मलिदा करतो. मलिदा म्हटल्यावर मला हायसं वाटलं. नवसाला पोहे-गूळ लागणारी माणसं परकी कशी म्हणायची?

मटण खातील, पण त्याच्याबरोबर दूध, दही, तूप चालणार नाही. म्हणून रस्सा तेलातच आणि वर नारळाचं दूध. खवल्यांचा मासा चालतो, बिनखवल्यांचा नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकून तेलाचा दिवा लावायचा आणि शनिवारी चूल पेटवायची नाही. नवरा-बायको शनिवारी थंड जेवण जेवत, दवाखान्यातली तिची पाळी दुसऱ्या नर्सबरोबर बदललेली असे. बाळंतीण अडली तर मात्र शनिवारीही धावायची. जीव वाचवायला सुट्टी मोडलेली चालते, तसाच नियम आहे, म्हणाली. आणि त्या सुट्टीत घरातला गडी आणि बैलसुद्धा येतो, तसं त्यांच्या ग्रंथात लिहिलेलं आहे. ज्या ग्रंथात बैलाच्या रजेची सोय आहे, त्याला मी कधीच नावं ठेवली नाहीत. आमच्या साखर कारखान्याच्या नियमांत माणसाच्या रजेचीही सोय नव्हती.

कोकणात कसे आलात, हेही विचारलं. फार जुन्या काळी एक जहाज फुटलं, सात बाया आणि सात पुरुष पोहून किनाऱ्याला लागले, बाकी सगळं बुडालं, असं तिच्या घरात सांगत आलेत. ग्रंथ बुडाले, बोली बुडाली. लक्षात राहिलं ते इतकंच, की शनिवारी काम करायचं नाही, आणि प्रार्थनेची एक ओळ. त्या एवढ्या भांडवलावर शेकडो वर्षं काढली. आमच्या गावात दोन पिढ्यांत माणसं आजोबाचं नाव विसरतात.

एकच गोष्ट मला पटली नाही. थंडीच्या तोंडाला ती आठ दिवस रोज एकेक दिवा वाढवत लावायची आणि त्यासाठी पहिल्या धारेचं तेल न्यायची. का, तर त्यांच्या देवळात एकदा एका दिवसापुरतंच तेल उरलं होतं आणि ते आठ दिवस जळलं. मी म्हणालो, "सिस्टर, ही गोष्ट गावात सांगू नका. तेल्याच्या पोटावर पाय येतो." ती इतकी हसली की किटली सांडली.

माझा मल्लिनाथ तिच्याच हातावर जन्मला. पायाळू होता, दवाखान्यातले डॉक्टर सोलापूरला गेलेले. सिस्टर तीन तास हलली नाही. त्यानंतर गावातली निम्मी लेकरं तिच्या हाताखालून गेली. नोकरी संपल्यावरही बाया बाळ घेऊन तिच्या घरी यायच्या. ती पाय लांब करून बसायची, बाळाला पायावर घ्यायची, आमच्या घाण्याचं कोमट तीळतेल चोळून न्हाऊ घालायची. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. एक भाची ठाण्याला, ती दरवर्षी बोलवायची. सिस्टर म्हणायची, "ठाण्याला माझं काय काम? तिथं बाळं पायावर न्हात नाहीत, टबात पोहतात."

नवरा गेल्यावर तिनं घराला रंग दिला, तेव्हा दारावरची डबी काढावी लागली. ज्यूंच्या घराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक लहान डबी ठोकलेली असते. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावतात. डबी परत बसवायला मी गेलो. तिनं उघडून दाखवली. आत चामड्यासारख्या पातळ कातडीवर हातानं लिहिलेली बारीक अक्षरं, उजवीकडून डावीकडं वाचायची. "काय लिवलंय?" "ऐक, आपला देव एकच आहे. त्याच्यावर मनापासून प्रेम कर, आणि हे मुलांना शिकव, घरी बसताना, वाटेनं चालताना." मी म्हणालो, "एवढंच? मला वाटलं लई गुपित असंल."

त्याच दिवशी तिनं दुसरंही सांगितलं. बाहेरच्या देशांत तिच्या लोकांना गावोगावातून हाकललं. आणि तिच्या आईच्या काळात तिकडं युरोपात एका सरकारनं ठरवून, याद्या करून, साठ लाख मारले. लेकराबाळांसकट. मी विचारलं, "पण का?"

"कारण शोधायला निघालात की कारण सापडतं, अप्पा. गरीब होते तेव्हा घाणेरडे म्हणाले. पैसा मिळवला तेव्हा चोर म्हणाले. वेगळे राहिले तर गर्विष्ठ, मिसळले तर कपटी. विहिरीत विष टाकतात म्हणाले, लेकरांचं रक्त घेतात म्हणाले. इथं मात्र आम्हाला कुणी बोट लावलं नाही. आमच्या बायका प्रार्थनेत त्याबद्दल देवाचे आभार मानतात."

त्या दिवसापासून मी ते चारचौघांत मिरवायला लागलो. साऱ्या जगानं छळलं, पण आमच्या मातीनं नाही. जणू ती माती मीच घाण्यातून काढली होती.

आता माझ्या कर्तबगारीकडं येतो.

आमच्या घाण्यासमोर कट्टा आहे. मोटार लागल्यापासून मी तिथंच बसतो. मोटारीला शिपका कधी द्यायचा ते ती कुणाला विचारत नाही. माझ्याबरोबर शिवलिंगप्पा असतो, धान्याचा आडत्या, खिशात दोन फोन. आणि एक गुरुजी, पेन्शन खाणारे. दोन-तीन वर्षांमागं लांब तिकडं ज्यूंच्या देशात लढाई पेटली आणि इकडं आमच्या कट्ट्यावर. सिस्टर तेल न्यायला आली की गुरुजी उभे राहायचे. "शाबास सिस्टर. तुमच्या लोकांनी दाखवून दिलं."

"गुरुजी, माझे लोक म्हणजे ठाण्याची भाची. तिनं काय दाखवलं असेल तर विचारून सांगते."

शिवलिंगप्पाचं उलटं. "सिस्टर, तुमची माणसं काय करायलीत? लेकरं मरायलीत तिकडं."

"लेकरं मरतात ते बघून मलाही घास जात नाही, शिवलिंगप्पा. पण मला जाब काय विचारता? तुमचं थोरलं लेकरू या हातांनी काढलं तेव्हा मी कुणाच्या बाजूची होते?"

एकजण शाबासकी देतो, दुसरा जाब विचारतो, आणि बाई बिचारी किटली घेऊन उभी. चाळीसावर वर्षं या गावात काढून ती एका दिवसात परदेशी झाली, तेही तिकीट न काढता.

पुढल्या साली पावसाळा सरताना त्यांचा मोठा उपास आला. जुन्या बाया त्याला दार लावायचा सण म्हणत, असं सिस्टरनंच सांगितलं होतं. एक दिवस पाणीसुद्धा प्यायचं नाही, पांढरे कपडे घालायचे, दार लावून देवाची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर शिवलिंगप्पा म्हणाला, "अप्पा, तुमचं जाणंयेणं हाय. काल दिवसभर दार बंद. काय करती हो आत?"

उत्तर सोपं होतं. उपास करती. पण कट्टा भरलेला होता, सगळ्यांची तोंडं माझ्याकडं होती आणि बऱ्याच वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी पान थुंकून आलो, सावकाश बसलो.

"पांढरं नेसून बसती," मी म्हणालो. "दारावर डबी हाय बघा. तिच्यात कातड्यावर लिवलंय, उजवीकडनं डावीकडं. म्या डोळ्यानं बघितलंय. आत काय चालतंय ते देवाला ठाऊक. आपापली लेकरंबाळं जपा म्हंजे झालं."

कट्टा खदखदून हसला. शेवटचं वाक्य माझं स्वतःचं, कुणाकडून उसनं आणलेलं नाही. एवढं चांगलं मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन, कारण चार दिवसांत ते अख्ख्या गावाला पाठ झालं.

पाचव्या दिवशी सून फोन घेऊन आली. "मामंजी, हे वाचलं का?" फोनवर लिहिलेलं होतं, की आपल्या गावात एक बाई दार लावून पांढऱ्या कपड्यात पूजा करते, तिच्या डबीत कातड्यावर मंत्र आहे, या लोकांत लहान लेकराचं रक्त लागतं, आईबापांनी सावध राहावं. खाली हात जोडल्याचं चित्र. रक्ताचं तेवढं बाहेरून आलं होतं, जुनं, परदेशी. डबी आणि कातडं माझं. माझाच दाणा, माझाच घाणा, फक्त तेल भलतंच निघालं होतं.

मी सुनेला काय सांगितलं? काही नाही. म्हणालो, "चष्मा न्हाय जवळ."

बाया सिस्टरकडं जायच्या थांबल्या. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. आमचं गाव सभ्य आहे. कुणाच्या बाळाला सर्दी झाली, कुणाची सासू आली. सिस्टर सकाळी तेल कोमट करून बसायची आणि दहाच्या सुमाराला वाटी परत आत न्यायची. माझी नात अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचा मुलगा वीस दिवसांचा झाला. सिस्टर घाण्यावर येऊन म्हणाली, "अप्पा, पणतू कधी आणताय?"

"थंडी हाय, सिस्टर. बघू."

"ऑक्टोबरात थंडी?" ती म्हणाली. किटली भरून घेतली आणि गेली.

मग एका सकाळी तिच्या दारावरची डबी कुणीतरी उचकटली. मी गेलो तेव्हा चौकटीवर दोन भोकं आणि रंगाचा जुना चौकोन. डबी पायरीखाली ठेचलेली, आतली कातडी गटारात सापडलेली. तिनं ती धुऊन ताटात वाळत ठेवली होती, पण अक्षरं फुटली होती.

"हे टाकत नाहीत," ती म्हणाली. "खराब झालं की माणसासारखं पुरतात. माझ्यानं खणवत नाही. खड्डा काढून द्याल?"

परसात लिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली मी कुदळ घातली. "किती खोल?"

"कुत्र्यानं उकरू नये इतका."

मी खणत राहिलो. वीतभर खड्ड्याला मला अर्धा तास लागला. कुदळ खाली ठेवली. म्हणालो, "सिस्टर, ते कट्ट्यावरचं बोलणं... ते म्या बोललो."

"मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कशाला कुणी सांगायला पाहिजे? गावभर तेच चाललंय, कातड्यावर लिहिलंय, उजवीकडून डावीकडं लिहिलंय. एवढ्या वर्षांत ती डबी मी एकाच माणसाला उघडून दाखवली होती."

म्हणजे थंडी आहे असं मी म्हणालो, तेव्हाही तिला ठाऊक होतं. तरी तिनं माझ्याकडून तेल नेलं.

"माफ करा मला. पायजे तर... पायजे तर तुमच्यासाठी सोमवारी घाणा चालू ठेवतो."

"तुमचा दिवस मोडून माझं काय नीट होणार? डबी मोडली तेवढी पुरे." तिनं कातडी फडक्यात गुंडाळून खड्ड्यात ठेवली. "त्या उपासाच्या दिवशी मी आत काय करते, ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. देवाची माफी मागते. पण देव फक्त त्याच्याशी केलेला गुन्हा माफ करतो. माणसाचा केला असेल तर तो म्हणतो, माझ्याकडं काय येतोस, त्याच्याकडं जा. आणि जिथं बिघडवलंस तिथं आधी नीट कर. तुम्ही माझ्यापाशी बोलला नव्हता, अप्पा. जिथं बोललात तिथं बोला. मग या."

मी माती लोटली. तीन दिवस कट्ट्यावर गेलो नाही. घरात पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पंच्याहत्तर वर्षांत मी कुणापुढं चुकलो म्हणालो नव्हतो. बापापुढं नाही, बायकोपुढं तर नाहीच. चौथ्या दिवशी गेलो. कट्टा भरलेलाच होता. मी बसलो नाही.

"ऐका. सिस्टरबद्दल म्या बोललो ते खोटं. ती दार लावून उपास करती. डबीत देव एकच हाय असं लिवलंय. लेकरं जपा म्हणालो, ते तुमाला हसवायला."

"होगली बिडरी, अप्पा," शिवलिंगप्पा कानडीत म्हणाला, जाऊ द्या म्हणून. "एवढं काय मनावर घेता? आमी कुठं काय केलं? तुमीच सांगितलं, आमी ऐकलं."

"पण फोनमध्ये तर वेगळंच आलंय," गुरुजी म्हणाले. "काहीतरी असल्याशिवाय..."

"फोनमधी म्याच हाय, गुरुजी. आणि शिवलिंगप्पा, तुमच्या चुलत्याच्या लग्नात माझा बाप वाटंत आडवा गेला, तवा तुमच्या आज्यानं त्याला चाबूक दाखवला. का, तर तेल्याचं तोंड दिसलं, अपशकुन झाला. नवरदेवाच्या हळदीत तेल कुणाचं होतं? माझा बाप त्या दिवसापासून लग्नाची वरात दिसली की गोठ्यात लपायचा. म्या बघितलंय त्याला लपताना. आणि बघून काय शिकलो, तर हे."

मी शिवलिंगप्पाला म्हणालो, "ते फोनवरनं पाठवलं तसं हेबी पाठवा."

"असलं कोण वाचतं? लई लांबतंय हे."

त्याचं खरं होतं. खोटं दोन ओळीत मावतं. खऱ्याला किती जागा लागते ते संपादकांना विचारा, त्यांना मी ही पानं देतोय.

घरी मल्लिनाथ अडला. "अप्पा, मला ते पटत न्हाय हो. पण लोक बोलायलेत. कशाला लेकराची जोखीम?"

"तुझी नाळ तिनं कापली," मी म्हणालो. "तीन तास तुझ्या आईचं रक्त तिच्या कोपरापातूर होतं. तिला पायजे असतं तर तवाच किटली भरून नेली असती. तेल न्यायला आणायचीच की किटली." अश्विनीला माझं भाषण लागलंच नाही. ती बाळाला दुपट्यात गुंडाळून चपला घालत होती.

सिस्टरनं पाय लांब केले, माझ्या पणतूला पायावर घेतलं. त्याच्या टाळूला तेल भरलं, छाती चोळली, नाक धरून सरळ केलं. तो रडून रडून लाल झाला आणि मग पाय ताणून गाढ झोपला. ती पूर्ण वेळ अश्विनीशी बोलली, बाळाशी बोलली. माझ्याशी बोलली नाही. जाताना म्हणाली, "तेल चांगलं आहे या खेपेचं." माफी झाली का नाही, ते मी विचारलं नाही. घाबरलो.

नंतर दोन-तीन बाया परत यायला लागल्या. बाकीच्या आल्या नाहीत. त्यांनी काही ठरवलं असंही नाही, त्यांची लेकरं तोवर मोठी झाली. भाचीनं ठाण्याहून नवी डबी पाठवली, ती मीच बसवली. या खेपेला सिस्टरनं ती उघडून दाखवली नाही, आणि मीही म्हणालो नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती ठाण्याला गेली, कायमची. टेम्पोत सामान चढलं. डबी तिनं आपल्या हातानं काढून पर्समध्ये ठेवली. गावात सांगितलं की गुडघे गेले, जिना नसलेलं घर पाहिजे, तिकडं भाची बघेल. आमच्याकडच्या घराला जिना कुठं होता, हे कुणी विचारलं नाही. ती ड्रायव्हरशेजारी बसली. मी खिडकीपाशी गेलो.

"सिस्टर, खरं सांगा. गुडघ्यामुळंच चालला न्हवं?"

तिनं पदर सारखा केला. "गुडघ्यामुळंच म्हणा, अप्पा. या वयात तुम्हाला झोप लागली पाहिजे."

गावात कुणी विचारलं, तर आम्ही सगळे गुडघ्याचंच सांगतो.